वडिलांची जुनी फियाट शोधून परत घ्यायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अण्णांनी १९७५ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची फियाट, १९९३ मध्ये मिरजेतल्या एका डॉक्टरांना विकली. २०१९ मध्ये मी ती गडहिंग्लज तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींकडून परत विकत घेतली. तेव्हापासून ओळखीचे आणि ओळखीच्यांचे ओळखीचे फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते आहे. उदाहरणं बहुतेक फियाटची आहेत, पण ॲम्बॅसेडर, स्टँडर्ड हेराल्ड किंवा पहिली मारुती ८०० शोधणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. आरटीओची फी आणि नियम बदलत राहतात, तेव्हा खिडकीवर जाण्याआधी ताजी माहिती बघून घ्या.

शोध सुरू कुठून करायचा?

घरातल्या माळ्यावरून. इंटरनेट नंतर. आरसी बुक गाडीबरोबर गेलेलं असतं, त्यामुळे ते सापडणार नाही, पण बाकीचे कागद मागे राहतात: विम्याच्या जुन्या पॉलिसी, बँकेच्या कर्जाची फाइल, गॅरेजची बिलं, डिलिव्हरीच्या वेळचं चलन. त्या काळात गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे, म्हणून लोक तिचा कागद न् कागद जपत. अण्णांच्या फाइलमध्ये तर बुकिंगच्या पावतीलाही प्लॅस्टिकचं कव्हर होतं.

फोटोंचे अल्बमही काढा, पण फार आशा ठेवू नका. आमच्याकडे गाडीचे सगळे फोटो दसऱ्याचे. धुतलेली गाडी, बॉनेटवर हळदीकुंकू, शेजारी आम्ही तिघं, आणि झेंडूचा हार बरोबर नंबर प्लेटवर. अठरा दसरे आणि एकाही फोटोत पूर्ण नंबर नाही.

नंबर कोणालाच आठवत नाही. मग?

घरातल्या बाईमाणसांना विचारा. गाडी चालवली वडिलांनी, पण नंबर आईला पाठ असतो. माझ्या ८१ वर्षांच्या आईने मटार सोलता सोलता तो सांगितला, वर "बेरीज नऊ येते, म्हणून तुझ्या आजोबांनी घ्यायला लावला" हेही. आमच्या भावंडांच्या डोक्यात दोन वेगवेगळे नंबर होते आणि दोन्ही चूक निघाले.

१९८९ च्या आधीची गाडी असेल तर तिला एमएच नंबर नसणार. इंग्रजी तीन अक्षरं आणि पुढे आकडे, अशी ती जुनी पद्धत. तिसऱ्या अक्षराबद्दल शंका असेल तर एफ आणि एस, किंवा बी आणि डी असे दोन्ही पर्याय लिहून ठेवा. म्हाताऱ्या माणसांच्या कानात आवाज राहतो, अक्षर नाही.

नंबर ऑनलाइन टाकला तर रेकॉर्डच सापडत नाही. गाडी भंगारात गेली का?

तसं लगेच धरून चालू नका. एमपरिवहन ॲप किंवा वाहन पोर्टलवर दिसतं ते संगणकात चढवलेलं रेकॉर्ड. जुन्या गाड्यांच्या नोंदी मुळात कार्यालयातल्या जाडजूड रजिस्टरांत आहेत. संगणक आल्यावर त्या गाडीचं काही काम निघालं असेल, म्हणजे नूतनीकरण, नावबदल असं काही, तरच नोंद चढलेली असते. नसेल चढली तर आधी तिची 'बॅकलॉग एन्ट्री' करून घ्यावी लागते आणि त्यासाठी मूळ आरसी बुक लागतं.

अक्षर आणि आकडे यांच्यामध्ये शून्य घालून, न घालून असे दोन्ही प्रकार करून बघा. जुने नंबर चढवताना ही गडबड बऱ्याचदा झालेली असते.

आरटीओत सध्याच्या मालकाचं नाव-पत्ता देतात का?

तुम्हाला सहजासहजी देणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पोर्टलवरही मालकाच्या नावातली अर्धी अक्षरं फुल्या मारून झाकलेली असतात. माहिती अधिकारात अर्ज केला तरी खाजगी माहिती म्हणून नाकारला जाऊ शकतो. पण पोर्टलवर एक गोष्ट दिसते ती फार मोलाची: गाडी सध्या कोणत्या कार्यालयाच्या हद्दीत आहे. आमच्या गाडीपुढे सांगलीऐवजी कोल्हापूर दिसलं आणि निम्मा महाराष्ट्र शोधातून बाद झाला.

राज्याच्या आत गाडी कुठेही गेली तरी तिचा नंबर तोच राहतो. परराज्यात मात्र बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. म्हणजे तुमची गाडी बेळगावला किंवा गोव्यात गेली असेल तर जुन्या नंबराचा उपयोग संपला. तिथे चासी नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा कायमचा नंबर, तोच कामाला येतो.

मग माणसं गाठायची कशी?

साखळीने. कोणाला विकली, त्यांनी पुढे कोणाला, असं एकेक कडी धरून. आमचे डॉक्टर हयात नव्हते, पण त्यांच्या कंपाउंडरना आठवत होतं की गाडी साखर कारखान्यातल्या एका क्लार्कने नेली. क्लार्कचा मुलगा म्हणाला, "ती तर गुरुजींना दिली. कोणते गुरुजी ते बाबांना माहीत होतं."

इथे अडलं. सोडवलं एका फिटरने. जुन्या गाडीचा मालक बदलतो, गाव बदलतं, पण त्या पंचक्रोशीत फियाटचं इंजिन बांधणारा मिस्त्री एखादाच असतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात तिसऱ्याच गॅरेजमध्ये चौकशी केली तर मिस्त्री हात पुसत म्हणाले, "मोतिया रंगाची, स्टेअरिंगवर गिअर, डाव्या मागच्या दाराचं हँडल ॲम्बॅसेडरचं? दोन वर्षामागं हेड काढलंय की मी तिचं." पुण्यात असाल तर नाना पेठेतली स्पेअर पार्टची दुकानं, मुंबईत ऑपेरा हाउस आणि कुर्ल्याकडची, असे हे अड्डे. दुकानदाराला गाडीचा फोटो दाखवा. फोनवर विचारून कोणी दाद देत नाही. तिथे जाऊन, गर्दी नसताना, चहा घेत विचारा.

जुन्या गाड्यांचे क्लबही मदत करतात. मुंबईतला व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया जुना आहे, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत फियाटवाल्यांचे छोटे व्हॉट्सॲप गट असतात. तिथे नंबराचा फोटो टाका, पण पूर्ण चासी नंबर कधीही टाकू नका. का, ते पुढे सांगते.

ऑनलाइन अजून आमच्या वडिलांचंच नाव दिसतंय. मग गाडी आमचीच ना?

नाही. तुम्ही विकलेली आहे. त्या काळी कोऱ्या टीटीओ फॉर्मवर, म्हणजे मालकी बदलाच्या फॉर्मवर, सही करून गाडी द्यायची आणि घेणाऱ्याने नावबदल करायचाच नाही, हा सर्रास प्रकार होता. तीन मालक होऊन गेले तरी बुकात पहिलंच नाव. कागदाच्या जोरावर जाऊन गाडी उचलून आणायचा विचार कोणी करत असेल तर त्याने आधी वकिलाला आणि नंतर आरशाला विचारावं.

पण ही बाब हलक्यातही घेऊ नका. अपघात झाला तर नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक धरला जातो आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणजे गाडी परत घ्यायची नसली तरी हे नाव निस्तरणं तुमच्याच हिताचं आहे. वडील हयात नसतील तर वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ असतो. गाडी परत घेत असाल तर सध्या ती ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडून पैसे मिळाल्याची पावती आणि ताबा सोडल्याचं लेखी घ्या, मग पुढचं.

हीच ती गाडी, हे कशावरून ओळखायचं?

चासी नंबरवरून. रंग, सीट कव्हर, डॅशबोर्डवरचा गणपती यातलं काहीही पुरावा नाही. नंबर प्लेट तर अजिबातच नाही.

आमच्याकडे चासी नंबर मिळाला तो विम्याच्या फाइलमध्ये. आरटीओच्या फॉर्मवर चासी नंबरचा पेन्सिलीने घेतलेला छाप चिकटवावा लागतो, हे जुन्या लोकांना माहीत असेल. अण्णांनी पातळ कागदावर एक छाप जास्तीचा काढून ठेवला होता. शिशाच्या करड्या घासाघाशीतून वर आलेले पांढरे आकडे, आणि त्यातल्या ७ ची मान जरा वाकडी.

त्या वाकड्या ७ ने माझे पैसे वाचवले. गुरुजी सापडण्याआधी एका एजंटाने "तुमची गाडी मिळाली" म्हणून फोन केला. नंबर प्लेट आमचीच. मी आनंदाच्या भरात पाच हजार टोकन देऊन टाकलं. जाऊन बॉनेट उघडलं तर आतली चासी नंबरची पट्टी गंजलेली आणि तिचे रिव्हेट मात्र चकचकीत, जणू काल ठोकलेले. आकडे सगळे बरोबर, कारण ते मीच एका गटावर उत्साहाने टाकले होते! पण ७ ताठ. टोकन गेलं ते गेलंच. तेव्हापासून कोणी विचारलं की मी सांगते: शेवटचे तीन आकडे स्वतःजवळ ठेवा, ते समोरच्याला सांगू द्या.

चासी जुळते, पण इंजिन नंबर जुळत नाही.

फार घाबरू नका. पन्नास वर्षांत इंजिन बदललं नाही अशी गाडी विरळा. पद्मिनीचं मूळ इंजिन १०८९ सीसीचं पेट्रोल, पण डिझेल स्वस्त होतं तेव्हा अनेकांनी डिझेल बसवून घेतलं. ॲम्बॅसेडरचं तर विचारूच नका. बघायचं एवढंच, की बदललेल्या इंजिनाची नोंद आरसीवर आहे का. असेल तर व्यवहार करा. नसेल तर आधीच्या मालकाकडून त्या इंजिनाचं बिल मागा, आणि ते नसेल तर थांबा. चोरीच्या गाडीचं इंजिन असू शकतं.

मालकाला पहिल्यांदा भेटताना काय बोलायचं?

खरं तेच. "ही माझ्या वडिलांची गाडी होती." पुष्कळ जण सांगतात की भावना दाखवू नका, भाव वाढेल. मला हे पटत नाही. खेडेगावात पुण्याची गाडी येऊन थांबली, त्यातून उतरलेली बाई जुन्या फियाटकडे एकटक बघते आहे, हे न कळण्याइतकं कोणी भोळं नसतं. लपवलंत तर मात्र विश्वास जातो.

पहिल्या भेटीत किंमत काढू नका. मी जुने फोटो घेऊन गेले होते. गुरुजींनी दसऱ्याचे फोटो बघितले, आत गेले आणि आपला अल्बम घेऊन आले. त्यातही दसरा, त्यातही हार प्लेटवर. त्यांच्या मुलीची पाठवणी त्याच गाडीतून झाली होती. तिथे ओट्यावर बसल्यावर हिशेब लक्षात आला: अण्णांनी गाडी अठरा वर्षं चालवली होती, गुरुजींनी एकवीस. "आमची गाडी परत द्या" हे वाक्य मी गडहिंग्लजपर्यंत घोकत गेले होते, ते तोंडातून निघालंच नाही.

ते विकायलाच तयार नसतील तर?

आपला फोन नंबर देऊन या आणि सणासुदीला फोन करा. मध्ये माणसं घालू नका, गावातल्या पुढाऱ्याला तर मुळीच नको. आमचे गुरुजी आधी नाहीच म्हणाले होते. सात महिन्यांनी त्यांचाच फोन आला: मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, मुलगा नवी गाडी घेतोय, दारात एकच जागा आहे.

विकायचीच नसेल तर निदान पहिला हक्क मागून ठेवा, म्हणजे विकताना आधी तुम्हाला विचारतील. लेखी मागू नका, वाईट दिसतं.

किंमत किती द्यावी?

बाजारात तशीच दुसरी गाडी ज्या भावाला मिळते, त्याच्या थोडं वर. मुंबईत पद्मिनी टॅक्सीची सद्दी ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. त्यानंतर एकाएकी सगळ्यांनाच फियाटचे कढ आले, आणि आता विकणारे तोंडाला येईल तो आकडा सांगतात. मी त्याआधी घेतली, १ लाख १५ हजारांना. नंतरच्या दुरुस्तीला त्याच्या तिप्पट गेले. तेव्हा तुमच्याकडे जेवढे पैसे आहेत त्यातला पाव भाग गाडीचा आणि बाकीचा मिस्त्रीचा, असं धरून चला.

सोबत फियाट जाणणारा मिस्त्री न्याच. रंगाला भुलू नका. लोहचुंबक खिशात ठेवा आणि दाराच्या खालच्या कडेला, चाकाच्या कमानीला लावून बघा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. पायाखालचं मॅटिंग उचलून फ्लोअर बघा. आमच्या गाडीत ड्रायव्हरच्या पायाखालून रस्ता दिसत होता.

कागदपत्रं कोणती लागतात?

राज्यातल्या राज्यात नावबदलाला विकणाऱ्याचा फॉर्म २९ आणि दोघांचा फॉर्म ३०. त्यासोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, दोघांचे ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे. विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. परराज्यातून आणत असाल तर तिकडच्या कार्यालयाची एनओसी, म्हणजे फॉर्म २८.

एक जुनं जळमट हमखास निघतं: आरसीवर बँकेचा बोजा. कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण बोजा उतरवायचं कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि आता ती बँकच त्या नावाने उरलेली नसते. सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली, साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये गेली. ज्या बँकेत विलीन झाली तिच्याकडून ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घ्यायचा. कर्ज फिटल्याची पावती माळ्यावर सापडली तर निम्मं काम झालं.

पासिंग कधीच संपलंय. काय करायचं?

खाजगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी फॉर्म २५ भरून नूतनीकरण. गाडी तपासणीला न्यावी लागते. नूतनीकरणाची फी २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपये झाली आणि नंतर वीस वर्षांपुढच्या गाड्यांना आणखी वाढली. त्यावर पर्यावरण कर, आणि उशिराचा दंड महिन्याच्या हिशेबाने. दहा-बारा वर्षं पासिंग नसलेल्या गाडीचा हा आकडा डोळे पांढरे करतो, म्हणून भाव ठरवण्याआधी तो काढून घ्या आणि कोणी भरायचा ते ठरवा. एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही लागेल. जुनी हाताने रंगवलेली प्लेट मात्र फेकू नका.

पन्नास वर्षं झाली तर व्हिंटेज नोंदणी करावी का?

जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,०००. नव्या नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, पण आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो.

मी केली नाही. त्या नोंदणीनंतर गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. मला ती आईला देवळात न्यायला हवी आहे. तुमची गाडी शेडमध्येच राहणार असेल तर जरूर करा.

इतकी वर्षं बंद असलेली गाडी चालवत आणली तर चालेल?

नका आणू. फ्लॅटबेडवर घालून आणा. ब्रेकचे रबर वाळलेले असतात आणि ते घाटात कळतं. घरी आल्यावर पेट्रोलची टाकी काढून धुवा, सोलेक्स कार्ब्युरेटर उघडा आणि सगळे रबरी पाइप बदला. आताचं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं, आणि जुनं रबर त्यात भिजून मऊ पडतं. टायरचा मूळ साइज ५.२०-१४, तो मिळेपर्यंत भलतेच रुंद टायर घालून स्टेअरिंग जड करून घेऊ नका.

रंग, सीट सगळं पूर्वीसारखं करावं का?

यंत्राचं आधी, रंगाचं शेवटी. आणि सगळं पुसू नका. डाव्या मागच्या दाराला ॲम्बॅसेडरचं हँडल आहे, ते मी तसंच ठेवलंय. गुरुजींनी अडीअडचणीत बसवलेलं आहे आणि मूळ हँडलापेक्षा चांगलं चालतं.

गाडी तोडली गेल्याचं नक्की कळलं तर?

मग तिचा एखादा भाग मिळतो का बघा. भंगारवाले स्टेअरिंग, मीटर, लोगो वेगळे विकतात. तेच मॉडेल, तेच साल, तोच रंग अशी दुसरी गाडी घेणारेही आहेत. त्यात गैर काही नाही, फक्त तिच्यावर जुना नंबर लावू नका. तो गुन्हा आहे.

घरच्यांना हे सगळं कसं पटवायचं?

मला जमलेलं नाही. सोसायटीतली पार्किंगची जागा आधी पक्की करा, कारण पहिलं भांडण त्यावरून होतं. आमची पद्मिनी सध्या भावाच्या दारात उभी असते आणि वहिनी तिच्या बॉनेटवर पापड वाळत घालतात.